साडेपाच किलोचा बास खांद्यावर घ्यावा का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत बास गिटारचेच प्रश्न जास्त आहेत. लातूरच्या वाचकाचा प्रश्न सविस्तर उत्तर मागणारा आहे, म्हणून तो आधी घेतला आहे.

प्रश्न (लातूर): मी भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. माझ्याकडे चार तारांचा साधा बास आहे, वजन ३.९ किलो. पुण्यात एकांकडे हाताने बनवलेला पाच तारांचा बास विकायला आहे. बॉडी शिसवाची, नेक (दांडी) सागवानाचा आणि बॉडीतून आरपार गेलेला, स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३५ इंच. आकार वेगळाच आहे. बॉडीचं वरचं शिंग अगदी आखूड, खालचं लांब, हेडस्टॉक (खुंट्यांचा माथा) मोठा. वजन ५.४ किलो भरतं आणि किंमत ३६ हजार सांगतात. त्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, आवाज फार आवडला. जड लाकडामुळेच तो इतका भरीव येतो असं ते म्हणतात. आमच्या कार्यक्रमात तीन-चार तास उभं राहून वाजवावं लागतं. घ्यावा का? बघायला गेल्यावर काय काय तपासू?

उत्तर: तुमच्याकडे चालता बास आहे, म्हणजे हा दुसरा बास असेल. जुना विकून हा घेणार असाल तर आमचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. जुना ठेवून घेणार असाल तर दोन अटी आहेत: नेक निरोगी हवा आणि बेल्टवर बास आडवा राहायला हवा. आवाज, आकार, किंमत हे सगळं त्यानंतर.

वजनाबद्दल विकणारे जे सांगतात ते अर्धंच खरं आहे. चारच्या आसपास किलोचा बास सामान्य, साडेचारच्या पुढचा जड, आणि पाचच्या पुढचा असेल तर तो विचार करूनच घ्यायचा. हे वजन येतं कुठून ते बघा. बासच्या बॉडीत, पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबक) आणि वायरिंगच्या खोबणी सोडल्या, तर साधारण चार लिटर लाकूड असतं. कारखान्यातल्या बासना बहुधा अल्डर किंवा बासवूड वापरतात, ते लिटरला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे बॉडी पावणेदोन-दोन किलोची. शिसव लिटरला आठशे ग्रॅमच्या घरात जातं, तिथेच तीन किलोच्या वर गेलात. त्यात नेकचा एक किलो, पाच खुंट्यांचा अर्धा, ब्रिज-पिकअप-बॅटरीचा पाऊण धरा. तुमचे ५.४ किलो बरोबर जुळतात. सांगायचं कारण असं, की हे वजन आवाजासाठी मुद्दाम घातलेलं नाही. शिसव वापरलं म्हणून ते आलं. तार किती वेळ गुंजते हे नेक किती ताठ आहे, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नीट बसलेत का, नट (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) आणि ब्रिजवर (बॉडीवरचा तारांचा आधार) तार घट्ट टेकते का यावर जास्त ठरतं. आवाजाचा पोत पिकअप कुठे बसवलेत, तारा कोणत्या आणि किती जुन्या, यावर ठरतो. रेकॉर्डिंगमध्ये तुम्हाला आवडलेल्या भरीवपणातला मोठा वाटा ३५ इंची स्केलचा आणि नव्या तारांचा असण्याची शक्यता आहे. तारा कधी घातल्या होत्या हे विचारा.

पुण्याला जाण्याआधी घरीच एक चाचणी करा, तिला खर्च शून्य आहे. कापडी पिशवीत दीड किलो ज्वारी भरा आणि ती तुमच्या सध्याच्या बासच्या खालच्या बेल्ट-बटणाला घट्ट बांधा. ३.९ अधिक १.५ म्हणजे बरोबर ५.४. आता तुमच्या कार्यक्रमाची पूर्ण यादी उभ्याने वाजवा, मध्ये तेवढीच विश्रांती घ्या जेवढी मंचावर मिळते. तासाभरानंतर डाव्या खांद्यावर वळ उठतोय का, मान एका बाजूला झुकतेय का, दुसऱ्या दिवशी सकाळी काय दुखतंय, हे लिहून ठेवा. बोटांना मुंग्या आल्या तर तिथेच थांबा. आधीच मानेचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर हा बास घ्यायच्या भानगडीतच पडू नका. दहा मिनिटं गळ्यात अडकवून ‘चालतंय की’ म्हणणं निरुपयोगी आहे. जड बास त्रास देतो तो दुसऱ्या तासात.

वजनापेक्षा आम्हाला जास्त काळजी आखूड शिंगाची वाटते. बेल्टचं वरचं बटण शिंगाच्या टोकाला असतं. ते साधारण बाराव्या फ्रेटच्या समोर आलं तर बास आडवा राहतो. शिंग आखूड असेल तर बटण सोळाव्या-सतराव्या फ्रेटपाशी सरकतं, नेकचा जास्त भाग बटणाच्या बाहेर जातो आणि हात सोडला की हेडस्टॉक जमिनीकडे जातो. मग डावा हात सूर धरायचा सोडून नेक उचलून धरण्यात गुंततो. खांदा, मनगट आणि ताल, तिन्ही बिघडतात. पाच खुंट्या आणि मोठा हेडस्टॉक म्हणजे हा धोका आणखी वाढला. समोर बास मिळाला की तुमचाच रोजचा बेल्ट लावा, उभे राहा, दोन्ही हात सोडा. नेक आडवा किंवा किंचित वर राहिला तर उत्तम. हळूहळू खाली गेला तर आतून खरबरीत, सुएडचा, चार इंच रुंद चामडी बेल्ट लावून पुन्हा बघा. शर्टाला धरून ठेवणारा असा बेल्ट सौम्य दोष झाकतो. धाडकन खाली गेला तर बेल्टने भागणार नाही.

तेव्हा उपाय उरतात दोन. एक, खुंट्या बदलणे. जुन्या पद्धतीच्या मोठ्या पानांच्या खुंट्या एकेक ११० ग्रॅमच्या असतात, हलक्या ६० ग्रॅमच्या मिळतात. पाच बदलल्या तर हेडस्टॉकवरचं पाव किलो उतरतं, आणि ते बटणापासून सर्वांत लांब असल्यामुळे फरक मोठा पडतो. दुसरा, वरचं बटण पुढे नेणारी धातूची पट्टी बसवणे. शिसवात स्क्रू थेट मारू नका, तुटून आत राहील. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला पावणेतीनचं भोक आधी पाडा आणि स्क्रूला साबण चोळा. बरेच जण तिसरा उपाय सुचवतील: मागून बॉडी कोरून वजन कमी करा. अर्धा लिटर शिसव काढलं की चारशे ग्रॅम कमी होतात हे खरं, पण बॉडी हलकी झाली की नेक आणखी खाली जातो. हा उपाय इथे उलटा पडेल. तसंच मागच्या बाजूला शिसं लावून तोल साधणं म्हणजे साडेपाचाचे सहा किलो करणं.

आता नेक. तो बॉडीतून आरपार गेलेला आहे, म्हणजे बिघडला तर बदलता येत नाही. बोल्टवाला नेक चार स्क्रू काढून दुसरा घालता येतो, खाली पातळ पट्टी सारून त्याचा कोन सुधारता येतो. इथे तशी सोय नाही. पाच तारांचा एकूण ताण नेहमीच्या ३४ इंची स्केलवर साधारण ९५ किलो असतो, ३५ इंचांवर तो सहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभर किलोची ओढ रात्रंदिवस त्या सागवानावर आहे. सागवान हवामानाला फारसं हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात तेल असतं. चिकटवण्याआधी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसला नसेल तर सांधा काही वर्षांनी सुटू शकतो. म्हणून फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) आणि नेकच्या जोडावर, तसंच बॉडीच्या दोन्ही पंखांच्या (नेकच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या तुकड्यांच्या) जोडावर नख फिरवा. केसासारखी जरी भेग लागली तरी परत फिरा.

सोबत एवढं न्या: कापो (तारा फ्रेटवर दाबून धरणारी पकड), दुचाकीच्या गॅरेजमध्ये असतं ते फिलर गेज, सहा इंची स्टीलची पट्टी, मीटर टेप, मल्टिमीटर, नवी ९ व्होल्टची बॅटरी, स्वतःची केबल, ॲलन कीचा संच आणि मोबाइलवर सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) अचूक दाखवणारा ट्यूनर.

बास बरोबर सुरात लावा. ब्रिजच्या बाजूने डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही कडांची वळणं सारखी हवीत. एक सरळ आणि दुसरी वाकडी असेल तर नेकला पीळ आहे, आणि पिळाला घरगुती इलाज नाही. मग पहिल्या फ्रेटवर कापो लावा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट गेजने मोजा. ०.३ ते ०.४ मिलिमीटर चांगली. शून्य असेल किंवा एक मिलिमीटर असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक सुधारणारी सळी) ती दुरुस्त करू शकतो का हे तिथेच बघावं लागेल. विकणाऱ्यांची परवानगी घ्या, तारा थोड्या सैल करा, रॉडचा नट पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा सुरात आणा, पुन्हा मोजा. आकडा बदलला पाहिजे. नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल किंवा काहीही अडथळा न लागता नुसताच फिरत असेल तर रॉड संपलेला आहे. हात लावू देत नसतील तर तेही एक उत्तरच समजा.

हाताने बनवलेल्या वाद्यात पुढचा धोका फ्रेटच्या मापाचा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर दुप्पट केलं की स्केल मिळतं, ते ८८९ मिलिमीटर यायला हवं. त्यानंतर प्रत्येक तार मोकळी, मग ५, ७, १२ आणि १७ व्या फ्रेटवर ट्यूनरने तपासा. बाराव्याला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्यायचा, उतरा असेल तर पुढे. ती साधी दुरुस्ती आहे, फक्त सॅडलला सरकायला तीन-चार मिलिमीटर जागा शिल्लक आहे ना ते बघा. विशेषतः जाड बी तारेचा सॅडल सर्वांत मागे जातो आणि घरगुती बांधणीत नेमकी तिथेच जागा संपते. पण बारावा अचूक आणि पाचवा-सातवा मात्र प्रत्येक तारेवर आठ-दहा सेंट चुकत असतील तर फ्रेटच्या खाचाच चुकीच्या कापल्या आहेत. अशा बासवर पेटीबरोबर वाजवणं ही कायमची कटकट. फक्त पहिले दोन-तीन फ्रेट चढे लागत असतील तर नट उंच राहिला आहे, तो घासून बसवता येतो.

नंतर प्रत्येक तारेचा प्रत्येक सूर सावकाश वाजवा. कुठे तार खरखरते, कुठे सूर लगेच मरतो हे खडूने खूण करून ठेवा. ‘जी’ या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान एखादा सूर लवकर विझणं चांगल्या बासमध्येही आढळतं. त्यासाठी नाकारू नका, पण तो सूर तुमच्या गाण्यांत सारखा येत असेल तर विचार करा.

पिकअप मोजा. चार इंच बाय दीड इंच भरले तर ते रूढ मापाचे आहेत, उद्या बिघडले तर दुसरे बसतील. वेगळ्याच मापाचे असतील तर बदलताना लाकूड कोरावं लागेल. प्रीॲम्प (बासच्या आतलं, बॅटरीवर चालणारं सर्किट) असेल तर बॅटरी काढून वाजतो का बघा. पॅसिव्ह स्विच (बॅटरीशिवाय वाजवायची कळ) नसेल तर कार्यक्रमात बॅटरी संपली की बास मुका. आणि केबल जॅकमध्ये आहे तोवर बॅटरी खर्च होत राहते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तारांचीही मोजणी करा. ब्रिजवर तारेची गोळी जिथे अडकते तिथपासून नटपर्यंतचं अंतर ३६ इंचांपेक्षा जास्त असेल तर नेहमीच्या लाँग स्केल तारा अपुऱ्या पडू शकतात. जाड गुंडाळी संपून बारीक भाग नटवर येतो आणि बी तार फडफडते. एक्स्ट्रा लाँग संच लागेल, तो आपल्याकडच्या दुकानांत आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून एक संच कायम जवळ बाळगावा लागेल. हातालाही फरक पडेल. नट ते चौथा फ्रेट हे अंतर ३४ इंची बासवर १७८ मिलिमीटर असतं, ३५ इंचीवर १८३. पाच मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण करंगळी लहान असेल तर दुसऱ्या तासाला जाणवतात.

आता किंमत. ३६ हजार ही विकणाऱ्यांची किंमत झाली. तुमची किंमत म्हणजे त्यात तारांचा संच, रुंद बेल्ट, स्ट्रॅप लॉक (बेल्ट निसटू न देणारी कडी), लागल्यास हलक्या खुंट्या आणि सेटअप (कारागिराकडून जुळवणी) मिळवून येणारी रक्कम. या आकाराला बाजारातली बॅग बसणार नाही. तबला-पेटीची कव्हरं शिवणाऱ्याकडून जाड फोमची रेक्झिनची बॅग शिवून घ्यावी लागेल, पुठ्ठ्यावर बासची बाह्यरेषा काढून न्या म्हणजे माप चुकत नाही. पुन्हा विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागेल, कारण अनोख्या वाद्याला अनोखाच गिऱ्हाईक लागतो. या गोष्टी पुढे ठेवून भाव करा, त्यात संकोच नको.

सगळ्या चाचण्यांत बास उतरला तर जरूर घ्या. चांगल्या हाताने बनवलेल्या वाद्याला स्वतःचा एक स्वभाव असतो आणि तो आवडणं हे घेण्याचं पुरेसं कारण आहे. रेकॉर्डिंगला, बसून होणाऱ्या मैफलीला, तासाभराच्या कार्यक्रमाला तो वाजवा. १४ एप्रिलच्या आसपास रोज रात्री चार तास उभं राहायचं असतं, तेव्हा मात्र खांद्यावर ३.९ किलोवालाच असू द्या.

प्रश्न (धाराशिव): आमचे मुख्य गायक काळी दोनमध्ये गातात, गायिका काळी एकमध्ये. चार तारांच्या बासवर खालचा सा मिळत नाही म्हणून पाच तारांचा घ्यायचा विचार आहे. तो जड असतो असं ऐकलं. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: चार तारांच्या बासची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. काळी दोनचा खालचा सा ३८.९ हर्ट्झ, म्हणजे तुम्ही फक्त अर्ध्या सुराने कमी पडताय. चारही तारा अर्धा सूर उतरवा, मोकळ्या तारेवरच सा मिळेल. ताण दहा-अकरा टक्के कमी होतो, तारा किंचित सैल लागतात, म्हणून एक माप जाड संच घाला आणि ट्रस रॉड पाव फेरा तपासून घ्या. सगळ्या जागा एका फ्रेटने सरकतात याची सवय व्हायला आठवडा लागेल.

काळी एकचा खालचा सा ३४.६ हर्ट्झवर आहे, तो खरोखर पाच तारांच्या बासवरच बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटला मिळतो. पण मंडपातले बहुतेक बॉक्स चाळीस हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. ऐकणाऱ्याच्या कानाला तो सूर त्याच्या दुपटीवरून, म्हणजे ६९ हर्ट्झवरून कळतो. तोच सूर ए तारेच्या चौथ्या फ्रेटला वाजवलात तर मंडपात तो बहुधा जास्त स्पष्ट ऐकू येईल. एकट्या खालच्या सा साठी पाच तारांचा बास घेऊ नका. हात एका जागी ठेवून जास्त सूर हवे असतील, गाण्यांची पट्टी सारखी बदलत असेल, तर घ्या. पाच तारांचे सगळेच बास जड नसतात, पातळ बॉडीचे चार किलोच्या आतलेही मिळतात.

प्रश्न (जालना): बास वाजवता वाजवता माइकवर कोरस गातो तेव्हा ओठाला झटका बसतो. एरवी ॲम्पमधून घुर्रर्र आवाज येत राहतो. साउंडवाल्यांनी ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाकली, आवाज कमी झाला. हे बरोबर आहे का?

उत्तर: अजिबात नाही. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग, आणि ती तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. पिन आजच परत लावून घ्या, त्याशिवाय त्या ॲम्पला हात लावू नका.

बासच्या तारा ब्रिजमार्गे केबलच्या बाहेरच्या वेष्टनाला आणि तिथून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या अर्थला. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर किंवा जनरेटरवर असेल आणि त्यातल्या एकाचं अर्थिंग खोटं असेल, तर तारा आणि माइक यांच्यात व्होल्टेज उभं राहतं. हात तारेवर, ओठ माइकवर, मध्ये तुम्ही. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला टेकवा. आकडा शून्याजवळ हवा. दहा-वीस व्होल्ट दिसले तरी कारण सापडेपर्यंत वाजवायचं नाही. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थवर घ्या, आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असू द्या. जमिनीत रोवलेल्या लोखंडी कांबीला वायर गुंडाळली म्हणजे अर्थिंग झालं असं होत नाही. उन्हाळ्यात कोरड्या काळ्या मातीत तशा कांबीचा उपयोग जवळपास शून्य असतो.

घुरघुरीचा उगम वेगळा शोधावा लागतो. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर बास बरोबर आहे, आतल्या खोबणीला तांब्याची चिकटपट्टी लावली की पुष्कळ फरक पडेल. हात लावून काहीच बदलत नसेल तर मल्टिमीटरने तार आणि जॅकचं वेष्टन यांच्यातला रोध मोजा. एक-दोन ओहमच्या आत आला पाहिजे. खूप जास्त आला तर ब्रिजखालची वायर सुटली आहे, ब्रिज उचलून ती पुन्हा दाबून बसवा. (काही ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरच्या, पिकअपना ही वायर मुळातच नसते, तो दोष समजू नका.) बास ठीक असूनही आवाज राहत असेल तर डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला जोडणारी डबी) लावा आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तो फक्त सिग्नलच्या केबलमधलं अर्थ तोडतो, विजेचं नाही. ही घुरघुर बंद करण्याचा सुरक्षित मार्ग तो आहे.

प्रश्न (नांदेड): हैदराबादला क्रेमर या अमेरिकन कंपनीचा जुना बास मिळतोय, नेक ॲल्युमिनियमचा, हेडस्टॉक बेचक्यासारखा. उत्सुकता आहे. आपल्या उन्हाळ्यात तो चालेल का?

उत्तर: क्रेमरने १९७६ पासून हे नेक बनवले. धातू थंड लागू नये आणि वजन कमी व्हावं म्हणून नेकच्या मागे लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. त्यात ट्रस रॉड नाही. म्हणून कापो आणि गेजची वर सांगितलेली चाचणी इथे अंतिम समजा: नेक वाकलेला असेल तर तो फिरवून सरळ करायला काहीच नाही. फ्रेट किती झिजलेत तेही बारकाईने बघा. नेक जड असल्यामुळे तो खाली जाण्याचा दोषही यात सहसा सापडतो, हात सोडून बघायचं विसरू नका.

उष्णतेचं म्हणाल तर ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं. एसी गाडीतून ४२ अंशांच्या मंडपात गेलात की आधी तारा तापतात आणि सूर उतरतो. मग जाडजूड नेक सावकाश तापतो, लांबतो आणि तारा पुन्हा ताणतो. तेव्हा उतरलेला सूर आपोआप चढू लागतो. पहिल्याच मिनिटाला लावलेला सूर अर्ध्या तासात चढा झालेला सापडेल. केस उघडून बास मंचावर वीस-पंचवीस मिनिटं सावलीत ठेवा, मग लावा, दोन गाण्यांनंतर पुन्हा बघा. एवढी शिस्त पाळणार असाल तर तो वर्षानुवर्षं टिकेल, लाकडी नेकसारखा दमट-कोरड्याने हलणार नाही. एकुलता एक बास म्हणून मात्र नको.

प्रश्न (बीड): मे महिन्यात नेकच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागली. नवा बास आहे. परत करू का? आणि एसटीने नेताना कुठे ठेवावा?

उत्तर: कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. दोष नाही. लगेच कानशीने घासू नका. आधी बास केसमध्ये ठेवा, आत छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळून घेतलेला स्पंज ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी भिजवा. दोन-तीन आठवड्यांनीही बोचत असतील तर कडेला चिकटपट्टी लावून बारीक कानशीने तेवढीच टोकं मोडा. कूलरच्या झोतात बास ठेवणं वाईट, रात्री ओलं आणि दुपारी कोरडं असा मार त्याला बसतो. जूननंतर हवा दमट झाली की नेकची फट पुन्हा मोजा.

एसटीत डिकी टाळा, तिथली उष्णता आणि वर पडणारं सामान दोन्ही घातक. बास स्वतःजवळ गुडघ्यांमध्ये उभा, हेडस्टॉक वर. प्रवासापुरता एखादा सूर तारा उतरवा, पूर्ण सैल करायची गरज नाही. चारचाकीने जात असाल तर उन्हात बंद गाडीत बास ठेवून जेवायला जाऊ नका. आतलं तापमान साठ अंशांपर्यंत जातं आणि त्यात सांध्यांचा गोंद नरम पडतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): शिकायला जर्मनीला जातेय. बासचा फ्रेटबोर्ड शिसवाचा आहे. नेताना अडवतील का?

उत्तर: शिसवाचा सगळा डाल्बर्जिया वंश २ जानेवारी २०१७ पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या) करारातल्या परवान्यांच्या यादीत आला, तेव्हापासून ही धास्ती पसरली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. अपवाद ब्राझिलियन रोजवूडचा, ते अधिक कडक यादीत आहे आणि त्याला कागदपत्रं लागतात. बासची पावती आणि लाकडाचं नाव लिहिलेला निर्मात्याचा कागद जवळ ठेवा. जानेवारीत तिथे खोल्या गरम ठेवलेल्या असतात आणि हवा आपल्या मे महिन्याइतकीच कोरडी होते, म्हणून साबणाच्या डबीतला स्पंजही सोबत न्या.